कळलं नाही, तर कोरं सोडा

(दृश्य : पहाटेचा अंधार. पुण्यातली एक सोसायटी, एकाच खिडकीत दिवा.)

पुण्यात पहाटेचे पाच वाजलेत. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात या वेळी आदल्या संध्याकाळचे साडेसहा असतात. तिकडचा डॉक्टर दिवसभराचे पेशंट आटोपून भराभर डिक्टेशन देतोय. मध्येच जांभई देतो. ती जांभईसुद्धा या खोलीत, हेडफोनमध्ये ऐकू येते.

ऐकणाऱ्या बाई मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट आहेत, म्हणजे डॉक्टरचं बोलणं ऐकून त्याचा रिपोर्ट टाइप करणाऱ्या. या धंद्यातली माणसं नुसतं 'एमटी' म्हणतात.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईत एमटीच्या क्लासच्या पाट्या दिसायच्या. तिकडची रात्र म्हणजे इकडचा दिवस. डॉक्टर झोपायला गेला की काम इथे सुरू, आणि सकाळी तो परत येईपर्यंत रिपोर्ट तयार. घाईचं काम असलं, तर इकडच्या रात्रीलाही सुट्टी नाही.

(दृश्य : टेबलाखाली पाय. पायाखाली काळं पेडल.)

पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद; एक कड दाबली की मागे. शिवणयंत्रासारखंच, म्हणावंसं वाटतं. पण शिवताना कापड डोळ्यांसमोर असतं. इथे नुसता आवाज. सरावलेल्या माणसालाही मिनिटभराच्या बोलण्याला तीन-चार मिनिटं लागतात. पैसे ओळींवर मिळतात, आणि ओळ म्हणजे बहुधा 65 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून.

टायपिंग कुणालाही शिकवता येतं. कान तयार व्हायला वर्षं जातात. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिस्फेझिया' म्हणजे बोलण्यात अडचण. 'इलियम' आतड्यातही आहे आणि कमरेच्या हाडातही. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. कुठलं लिहायचं, हे पेशंटचं पोट दुखतंय की तो पडलाय, यावरून ठरवायचं. म्हणजे शरीरशास्त्र आलं, औषधं आली, आणि डॉक्टर दक्षिण अमेरिकेतला असो की कोरियातला, त्याचं इंग्रजीही आलं.

(दृश्य : शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, सकाळची वर्दळ.)

अक्षर बदललं की काय होतं, हे या शहराला सांगायला नको. 1773 मध्ये याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतल्या 'धरावे'चं कुणीतरी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे. 'ध'चा 'मा' तेव्हापासून आपल्या तोंडी आहे.

अमेरिकेतल्या अलाबामात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. 2008 मध्ये तिथल्या एका मधुमेही बाईच्या डिस्चार्ज समरीत इन्शुलिनचे 8 युनिट्स 80 झाले. त्या आकड्याप्रमाणे डोस दिला गेला आणि ती दगावली. टायपिंग भारतात झालं होतं. 2012 मध्ये ज्युरीने 14 कोटी डॉलरची भरपाई ठोठावली.

अशा चुका टाळायला अमेरिकेतल्या बहुतेक हॉस्पिटलांत 'युनिट'साठी नुसतं 'यू' अक्षर लिहायला त्याआधीपासूनच मनाई आहे. घाईत ते शून्यासारखं दिसतं. 5 मिलिग्रॅमला 5.0 लिहायचं नाही, टिंब दिसलं नाही तर 50 होतात. उलट अर्ध्या मिलिग्रॅमला टिंबाआधी शून्य हवंच. समजूतदार डॉक्टर 'फिफ्टीन' म्हणून थांबत नाहीत, पुढे 'वन-फाइव्ह' जोडतात. बाकीचे जांभई देतात.

(दृश्य : पडदा. ओळीच्या मध्यात रिकामी रेघ.)

आणि तरीही कळलं नाही, तर? मग ब्लँक. जागा कोरी ठेवायची, शेजारी रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची, फाइल क्यूएकडे, म्हणजे तपासणाऱ्याकडे पाठवायची. नव्या मुलांना हेच सर्वांत जड जातं. ब्लँक जास्त झाले की बोलणी बसतात, त्यापेक्षा ओळखीचं एखादं औषध ठोकून द्यावंसं वाटतं. आमच्या मते या कामातलं खरं कसब इथेच आहे : आपल्याला ऐकू आलं नाही, हे कबूल करण्यात.

आता पहिला मसुदा बहुधा सॉफ्टवेअर करतं. बाई तो ऐकत दुरुस्त करतात. ओळीचा दर अर्थातच उतरलाय. मशीनला स्पेलिंग येतं. पण न कळलेल्या जागी ते सहसा कोरं सोडत नाही; काहीतरी व्याकरणशुद्ध बसवून मोकळं होतं. अशी चूक डोळ्याला टोचत नाही, कानानेच धरावी लागते.

(दृश्य : बाईंचा चेहरा, पडद्याचा उजेड.)

एका औषधापाशी त्या थांबल्यात. मशीनने नाव लिहिलंय, स्पेलिंगही बरोबर. त्या मागे जातात. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकतात.

मग ते नाव खोडतात, आणि तिथे रेघ ओढतात.