निळा लाइट मारला की कॅन्सर दिसतो का?

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमधे गाठ काढणं त्यामानाने सोपं, खरा वांधा असतो तो गाठीभोवतीचं चांगलं दिसणारं मांस किती काढायचं याचा. काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टमधे सगळ्या बाजूंनी निदान 5 मिमी स्वच्छ मार्जिन, म्हणजे गाठीभोवती कॅन्सर नसलेली कड, यावं अशी अपेक्षा असते. जिभेवर जास्त कापलं तर पेशंटला बोलता येत नाही, घास फिरवता येत नाही, आणि कमी कापलं तर तिथेच परत येतो. आणि हे सगळं ठरवायचं कशावर, तर डोळ्यांनी बघून आणि बोटांनी चाचपून!

म्हणून लाइटची आयडिया आली. निळा प्रकाश टाकला की तोंडातली नॉर्मल त्वचा हिरवट चमकते, खाली कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं त्यामुळे, आणि बिघडलेली जागा काळी पडते. कॅनडात व्हँकुव्हरच्या टीमने हे ऑपरेशनमधे वापरलं, काळ्या भागाच्याही बाहेरून कापलं. 2016 चा त्यांचा पेपर, तीन वर्षांत त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण 40.6 टक्क्यांवरून 6.5 टक्के. ऐकूनच माणूस मशीनची ऑर्डर देईल. पण हे जुन्या केसेस मागे वळून तपासलेलं होतं, म्हणून मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं पेशंट दोन गटांत वाटून कॅनडाभर ट्रायल केली आणि 2020 मधे निकाल आला की काही फरक नाही. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं, स्वतःचंच आवडतं तंत्र त्यांनी असं कसाला लावलं.

फरक का नाही? माझं मत सांगतो. निळा प्रकाश वरवरच पोचतो आणि मार्जिन फसतं ते बऱ्याचदा खोल, स्नायूत. शिवाय साधी सूज असली तरी जागा काळी दिसते, आणि आपल्याकडे तंबाखू-गुटखावाल्यांच्या तोंडात सूज, चट्टे कायमचेच.

आता स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी वेगळं चाललंय. या कॅन्सरच्या पेशींवर बहुतेक वेळा ईजीएफआर नावाचं प्रोटीन भरपूर असतं, त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडायचा आणि ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी सलाइनमधून द्यायचा. त्याची चमक डोळ्यांना दिसत नाही, कॅमेराच लागतो, पण ती काही मिलिमीटर आतूनही बाहेर येते. मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते म्हणजे काढलेला तुकडा बाजूच्या टेबलावर ठेवून कॅमेऱ्याखाली फिरवणं, जिथे कडेला जास्त चमकतं तिथे मार्जिन कमी, नेमकी तीच जागा फ्रोजनला पाठवा, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून मायक्रोस्कोपखाली तपासतात तिकडे. नाहीतर फ्रोजनला अंदाजानेच तुकडे जातात.

आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत जो हिरवा रंग वापरतात, आयसीजी, तो हा नव्हे हं. तो रक्तात फिरतो, लावलेल्या फ्लॅपला (कापलेली जागा भरायला दुसरीकडून आणलेलं मांस) रक्त पोचतंय का ते दाखवतो, कॅन्सरची पेशी काही तो ओळखत नाही. तेव्हा कोणी म्हणालं आमच्याकडे फ्लुओरेसन्स, म्हणजे ही चमक बघायची सोय, आहे, तर आधी विचारा, कुठला रंग?