पाठचो म्हातारो

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे जुन्या रॉक बँडच्या कार्यक्रमांविषयी. जुने म्हणजे तीस-चाळीस वर्षं वाजवत आलेले, केस पिकलेले, नातवंडं झालेले. हे बँड आपल्या कोकणात येत नाहीत, मुंबईला येतात, आणि आपल्यातले काहीजण रात्रीच्या कोकणकन्येने जाऊन त्यांना ऐकून येतात. मीही त्यातलाच. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबईचं मैदान आम्हाला एका रात्रीवर आलं. कुडाळला गाडीत बसायचं, पहाटे मुंबई, संध्याकाळी कार्यक्रम.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे पुन्हा सांगेन. अशा कार्यक्रमाला गेलात की सारखं गाणाऱ्याकडे बघू नका. त्याच्या पाठी जो बसलेला असतो, ड्रमवाला, त्याच्याकडे कान द्या. वयाबरोबर गळा उतरतो, त्याला इलाज नाही. डीप पर्पल या बँडचा गायक इयन गिलन याने ‘चाइल्ड इन टाइम’ हे आपलं गाजलेलं गाणं २००२ नंतर कार्यक्रमात म्हणणं सोडलं. त्यातल्या वरच्या पट्टीतल्या आरोळ्या तरुण गळ्याच्या होत्या. न लागणारा सूर ओढूनताणून लावण्यापेक्षा गाणं बाजूला ठेवलं, हे मला फार आवडलं. पण लयीचं तसं नसतं. लय हातात मुरते, आणि म्हाताऱ्या हातात जास्त मुरलेली असते.

हे मला दाखवलं माझ्या काकांनी.

७ एप्रिल २००३. मुंबईत चर्चगेटजवळचं ब्रेबॉर्न स्टेडियम. रोलिंग स्टोन्स. चार तारखेला बंगळूरला वाजवून ते मुंबईत आले होते. बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून निघालेला जगाचा दौरा होता तो. गाणारा मिक जॅगर आणि गिटारवाले कीथ रिचर्ड्स दोघेही साठीला टेकलेले, आणि ड्रमवर चार्ली वॉट्स, ६१ वर्षांचे.

काका त्याच आठवड्यात मुंबईला आले होते, मोतीबिंदू दाखवायला. सोबत आंब्याची पेटी, गिरगावातल्या आत्यासाठी. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे देवगड हापूसचा चांगला माल. आत्याच्या खोलीत शिरलं की आधी तोच वास. आणि आंब्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पेंढा घातलेल्या लाकडी पेटीत आंबा जसा पिकतो तसा पुठ्ठ्याच्या खोक्यात पिकत नाही. बाजारवाले काहीही म्हणोत.

माझ्यासोबत येणाऱ्या मित्राला ऐनवेळी रजा मिळाली नाही आणि एक तिकीट उरलं. मी काकांना म्हटलं, चला. काका जन्मभर भजनात पखवाज वाजवत आले. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, असली की समोरच्या बुवांचा पखवाजवाला कोण, हे काका आधी विचारणार आणि त्याला ऐकता येईल अशी जागा धरून बसणार. रॉक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, “म्हातारे आसत मां? मगे येतंय.”

लेंगा, सदरा, टोपी अशा वेषात काका त्या गर्दीत उभे राहिले. एप्रिलचा उकाडा, घामाने सगळे निथळत होते. सुरुवातीला काकांनी कानांवर हात ठेवले होते. थोड्या वेळाने हात काढले. मग डोळे मिटले. जॅगर रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि सगळं स्टेडियम त्याच्याबरोबर माना फिरवत होतं. काका डोळे मिटून उभे. एकदम त्यांनी माझा दंड धरला.

“झिला, ती झांज मदीच गप होता. आयकतंस?”

मला काही कळेना. कुठली झांज?

“वरची, बारीक वाजता ती. दुसऱ्या ठोक्याक गप होता, चवथ्याक गप होता. परत वाजता. परत गप.”

तेवढ्यात बाजूच्या मोठ्या पडद्यावर वॉट्स यांचे हात दिसले. ड्रमच्या संचात एका दांड्यावर दोन झांजा एकमेकींवर बसवलेल्या असतात, तिला हाय-हॅट म्हणतात. उजव्या हातातली काठी त्यावर पडत होती. डाव्या हातातली काठी, जॅझवाले धरतात तशी आडवी धरलेली, स्नेअर म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर पडत होती. आणि डावी पडायची त्या क्षणी उजवी हवेत उचललेली असायची. दोन्ही एकत्र पडतच नव्हत्या. बहुतेक ड्रमवाले दोन्ही एकदम मारतात. वॉट्स मारत नसत. म्हणून स्नेअरचा ठोका सुटा, एकटा, स्वच्छ ऐकू यायचा. त्यांच्या या सवयीबद्दल जगभरचे ड्रमवाले बोलतात, लिहितात. काकांनी ती मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी पाहिली नाही, कानाने धरली.

मग काकांना दुसरं काही दिसेना. “तो पाठचो म्हातारो बघ,” म्हणाले, “सगळ्यांका धरून बसलो हा. ह्यो सुटलो तर पुढचो धावतलो खय?” आणि खरंच, वॉट्स यांच्यासमोर मोजके चारच ड्रम. तोंडावर हसू नाही, हातवारे नाहीत. पण बाकीचे सगळे मधूनमधून मान वळवून त्यांच्याकडेच बघत होते. कीथ रिचर्ड्स तर गिटार वाजवता वाजवता त्यांच्यासमोर जाऊनच उभे राहत.

कार्यक्रम सुटल्यावर मरीन ड्राइव्हने गिरगावात चालत आलो. वाटेत काका कट्ट्यावर बसले आणि हाताने बसवून बघायला लागले. उजवा हात मांडीवर, डावा कट्ट्याच्या सिमेंटवर. डावा पडला की उजवा वर. आधी चुकायचा, मग जमला. सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने गावी परतताना रत्नागिरी येईपर्यंत खिडकीच्या पट्टीवर हेच चाललेलं.

त्या वर्षीच्या चतुर्थीला घरोघरी भजनं सुरू झाली. गजर चढला की झांजवाली पोरं जीव तोडून वाजवतात, हे तुम्हाला सांगायला नको. काकांनी पोरांना जवळ घेतलं आणि म्हणाले, माझी थाप पडात थय झांज उचलायची. मारायची नाय, उचलायची. पहिल्या घरात सगळा गोंधळ. बुवा वैतागले, “गजरात झांज गप? ह्या काय नवीन?” काका काही बोलले नाहीत, पखवाज वाजवत राहिले. दोन-तीन घरं झाली आणि पोरांचे हात बसले. आणि मंडळी, त्या गजरात पखवाजाची थाप अशी मोकळी ऐकू आली, की बुवांनी गाता गाता पेटीवरची मान वर करून काकांकडे पाहिलं. आमच्या वाडीत आजही गजराला झांज तशीच उचलतात. आत्ताच्या पोरांनी वॉट्स हे नावसुद्धा ऐकलेलं नाही.

इथे मनातलं बोलतो. हल्ली विसर्जनाला टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर चढवतात. त्यात थापही नाही आणि जागाही नाही, नुसता छातीत धक्का बसतो. ज्या वाडीत पखवाज, ढोल, सनई वाजवणारी माणसं आहेत त्या वाडीने स्पीकर भाड्याने आणू नयेत. मी हे ग्रामसभेत बोललो आहे, इथेही बोलतो.

काकांमुळे पुढचे कार्यक्रम मी पाठच्या माणसाला धरूनच ऐकले. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन तेव्हा बँडचं विमान स्वतः चालवायचा, त्यामुळे सगळी चर्चा त्याचीच. माझं लक्ष ड्रमवाले निको मॅकब्रेन यांच्यावर. ते अनवाणी पायांनी ड्रम वाजवतात. सामान एवढं मोठं की त्याआड माणूस दिसतही नाही, फक्त काठ्या दिसतात.

मग १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू. हा बँड जमला तोच ड्रमवाल्यामुळे. १९७६ साली डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन या पोराने फलकावर चिठ्ठी लावली होती, बँड करायचा आहे, कोण येणार? त्यातून जमलेले चौघेच नेरूळला आले होते. सुरुवातीला मलन एकटेच गर्दीच्या मधल्या छोट्या मंचावर चालत आले आणि त्यांनी ड्रम सुरू केला. गिटार नाही, गाणं नाही, नुसता ड्रम. माझ्या आजूबाजूला सगळ्यांचे हात मोबाइल धरून वर. ज्याचे दोन्ही हात मोबाइलला अडकले त्याने टाळी कशाने द्यायची?

आणि आता हे बघा. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ ला गेले, ८० वर्षांचे होऊन. मलन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२३ च्या कार्यक्रमांत त्यांच्या जागी दुसरा वादक बसला. मॅकब्रेन यांना जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघात झाला, तरी ते पुन्हा वाजवायला लागले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी दौरे थांबवले. बँडचं नाव तेच राहतं, पाठचा माणूस बदलतो. म्हणून पुन्हा सांगतो, पाठच्या माणसाला ऐका, आणि तो आहे तोवर जाऊन ऐका. पुढच्या वेळी जाऊ असं म्हणू नका.

जायचं ठरलं तर आधी परतीची गाडी बघा. परतीची गाडी आधी, कार्यक्रमाचं तिकीट नंतर. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कार्यक्रम नवी मुंबईत असेल तर नेरूळहून लोकलने पनवेल गाठायचं, मध्यरात्रीनंतर तिथे कोकणकन्या येते. खिशात कापसाचे बोळे ठेवा, वयस्कर माणूस सोबत असेल तर नक्कीच. आणि मंचाला चिकटून उभे राहू नका. मैदानाच्या मधोमध एक मांडव असतो, त्यात आवाज जमवणारा माणूस बसलेला असतो. त्याला जे ऐकू येतं ते सगळ्यात नीट जमलेलं असतं, म्हणून त्याच्या पाठीशी जागा धरा. गर्दी तिथे कमी असते. ड्रमवालाही तिथून सरळ समोर येतो.

नमस्कार.