एका घरातली दोन शेतं

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोल्याकडचं कान्झरा ही गावं जगभरच्या शेती-अर्थशास्त्रज्ञांना नावानिशी माहीत आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेनं १९७५ पासून तिथं घरोघरी जाऊन पेरणी, खत, मजुरी, उत्पन्न सगळं टिपून ठेवलं. पुढं १९८१ ते १९८५ या काळात याच संस्थेनं अशाच नोंदी पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोच्या सहा गावांत केल्या. तिथं एकाच घरात नवऱ्याचं शेत वेगळं आणि बायकोचं वेगळं.

ख्रिस्तोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञानं त्या नोंदींवरून १९९६ साली एक निबंध लिहिला. घर तेच, पीक तेच, साल तेच. तरी बाईच्या तुकड्यात पिकायचं कमी. का? कारण शेणखत जवळजवळ सगळं पुरुषांच्या शेतात पडत होतं आणि मजूरही तिकडंच जास्त राबत होते. आता ज्यानं शेती केली आहे त्याला ठाऊक असतं, की खताची पहिली पाटी जे काम करते ते दहावी करत नाही. खत आणि माणसं घरातल्या घरात नीट वाटली असती, तर सुमारे ६ टक्के उत्पन्न वाढलं असतं, असा उड्रींचा हिशेब होता. बाहेरून काही न आणता!

त्याआधी, १९७० मध्येच, एस्टर बोसरप या डॅनिश विदुषीनं बजावलं होतं, की आफ्रिकेत कुदळीची शेती मुख्यतः बायकांची. पण वसाहतींच्या साहेबांनी नवी अवजारं आणि नगदी पिकं शिकवली ती पुरुषांना.

तरीही ती चूक पुन्हा झालीच. पश्चिम आफ्रिकेतल्याच गांबिया देशात, गांबिया नदीकाठी पुरुष भुईमूग करतात, बायका पाणथळीत भात लावतात. तिथल्या मांडिंका भाषेत शेताला दोन शब्द आहेत. ‘मारुओ’ म्हणजे घराचं शेत, पीक सगळ्यांच्या पोटाला. ‘कामान्यांगो’ म्हणजे राबणारीचं स्वतःचं शेत; त्यातलं भात तिचं, विकलं तर पैसाही तिचा. मला हे दोन शब्द फार मोलाचे वाटतात. बाईच्या हक्काची नोंद तिथं भाषेनंच ठेवली होती.

१९८४ साली तिथं जहाली-पाचार हा मोठा सिंचन प्रकल्प आला. वर्षाला दोन पिकं. जुडिथ कार्नी या भूगोल-अभ्यासक बाईंनी तिथं राहून अभ्यास केला. आधी वाफे पुरुषांच्या नावावर चढले. ओरड झाल्यावर बायकांची नावं लागली, पण शेत ठरलं ‘मारुओ’! म्हणजे कागदावर तिचं नाव, चिखलात तिचे पाय, आता दोन्ही हंगामांत. आणि भात मात्र घरधन्याच्या ताब्यात. पाणी आलं, उत्पन्न वाढलं आणि तिचा हक्क गेला, हे वाचताना आजही जीव तुटतो.

बायका गप्प बसल्या नाहीत. काही घरांनी त्यांना पावसाळ्यापुरता एखादा वाफा सोडला, काहींनी भाताचा वाटा दिला. जिथं काहीच मिळालं नाही, तिथल्या बायकांनी घरच्या शेतातलं काम सोडलं. त्यांनी टोळ्या केल्या आणि लावणीला त्या दुसऱ्यांच्या बांधावर जाऊ लागल्या, रोजानं.