उतरलेली पापणी : मोजमाप, कारणे आणि शस्त्रक्रिया

(दृश्य : पुण्यातील एका नेत्ररुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. तपासणीच्या खुर्चीत साठी ओलांडलेले गृहस्थ. समोर डॉक्टर, हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पट्टी.)

डॉक्टरांनी अंगठ्याने गृहस्थांची भुवई घट्ट दाबून धरली आहे. ती अशी दाबली नाही, तर कपाळाचा स्नायू पापणीच्या मदतीला धावून येतो आणि मोजमाप चुकते. "काका, आधी खाली जमिनीकडे बघा. आता मान न हलवता वर छताकडे." या वेळात वरच्या पापणीची कड किती सरकली, ते पट्टीवर वाचले जाते. 12 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक हालचाल असेल, तर पापणी उचलणारा लेव्हेटर स्नायू धडधाकट आहे. 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. कोणती शस्त्रक्रिया करायची, याचा बराचसा निर्णय या एका आकड्यावर होतो.

काकांची हालचाल 14 मिलिमीटर भरते. स्नायू उत्तम, आणि तरीही पापणी बाहुलीच्या काठापर्यंत उतरलेली. एरवी वरची पापणी बुबुळाचा वरचा जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर भाग झाकते. लेव्हेटर स्नायू पुढे एका पातळ, रुंद पडद्यासारख्या कंडरेत रूपांतरित होऊन पापणीच्या आतील कडक पट्टीला जोडलेला असतो. वयानुसार ही कंडरा ताणली जाते किंवा जोडावरून सुटते. ओढणारा हात मजबूत, दोरीची गाठ मात्र सैल, असा हा प्रकार. वर्षानुवर्षे कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आणि कधी कधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तो दिसतो. पापणीवरची घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली असणे, ही त्याची खूण.

स्वारगेटच्या थांब्यावर बसची पाटी वाचायला काका हनुवटी वर करतात, आणि दिवसभर भुवया ताणून धरल्यामुळे संध्याकाळी त्यांचे कपाळ दुखते. घरात याला 'वय झालं' असे म्हणून सोडून दिले होते. डॉक्टरांनी जुने फोटो मागितले, तेव्हा लग्नाच्या अल्बमपासून नातवाच्या बारशापर्यंतचे फोटो ओळीने मांडल्यावर पापणी केव्हापासून उतरू लागली, ते दिसले. कित्येकदा एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा हा अल्बम अधिक सांगून जातो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पापणीवरची सैल, जादा कातडी डोळ्यावर लोंबते, तेव्हा ती काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी असते. जाहिरातींत या दोन्ही गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. मूळ दोष कंडरेत असेल, तर केवळ कातडी कापून पापणी वर येत नाही.

(दृश्य : पडद्यावर डोळ्याचे निकटदृश्य, बाहुलीवर प्रकाशझोत.)

पापणी हळूहळू न उतरता अचानक पडली, तर आधी बाहुली पाहिली जाते. बाहुली मोठी झालेली, डोळा बाहेर आणि खाली वळलेला आणि सोबत तीव्र डोकेदुखी असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या मज्जातंतूवर, म्हणजे पापणी, डोळा आणि बाहुली हलवणाऱ्या मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तासाभराचाही विलंब परवडत नाही. मधुमेहातही हाच मज्जातंतू लुळा पडतो, पण तेव्हा बाहुली बहुधा शाबूत राहते आणि काही महिन्यांत सुधारणा होते. बाहुली उलट लहान झालेली आणि पापणी 1-2 मिलिमीटरच उतरलेली असेल, तर हॉर्नर सिंड्रोमची (मेंदूतून मान-छातीमार्गे डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेतील बिघाडाची) शंका घेऊन मानेतील रक्तवाहिन्या आणि फुफ्फुसाचे टोक तपासावे लागते.

सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड होणारी पापणी मायस्थेनिया ग्रेव्हिसकडे, म्हणजे मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोहोचल्याने स्नायू लवकर थकणाऱ्या आजाराकडे, बोट दाखवते. मिटलेल्या पापणीवर 2 मिनिटे बर्फाची पिशवी ठेवायची आणि पुन्हा मोजायचे. ती 2 मिलिमीटर किंवा अधिक वर आली, तर संशय बळावतो. येथे उपचार औषधांनी सुरू होतो, सुरीने नव्हे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील डॉक्टर आणखी एक कारण विसरत नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावल्यावर दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही; पहाटे पोटदुखी आणि मिटू लागलेल्या पापण्या, एवढाच इशारा मिळतो.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह.)

काकांच्या पापणीवर स्थानिक भूल दिली आहे. नैसर्गिक घडीतून छेद घेऊन सुटलेली कंडरा शोधली जाते आणि पुढे ओढून पुन्हा टाक्यांनी जोडली जाते. टाका पक्का करण्यापूर्वी टेबलावरच काकांना उठवून बसवले जाते आणि डोळे उघडायला सांगितले जाते, कारण आडवे असताना पापणीची उंची नीट कळत नाही. डॉक्टरांची नजर दुसऱ्या डोळ्यावरही असते: दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच आदेश जात असल्याने एक उचलली की दुसरी खाली येऊ शकते.

पापणी थोडीच उतरली असेल आणि फिनाइलेफ्रिन या औषधाच्या थेंबांनी काही मिनिटांत वर येत असेल, तर पापणीच्या आतल्या बाजूने म्युलर स्नायूचा (लेव्हेटरच्या मागच्या, पापणी उचलायला मदत करणाऱ्या छोट्या स्नायूचा) भाग कमी करता येतो. बाहेर व्रण राहत नाही.

स्नायूच निकामी असेल, तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. त्यासाठी रुग्णाच्याच मांडीतील स्नायूवरील आवरणाची पट्टी किंवा सिलिकॉनची दोरी पापणीतून भुवईपर्यंत ओवली जाते. मांडीतून पुरेशी पट्टी मिळण्यासाठी मूल साधारण तीन-चार वर्षांचे व्हावे लागते. त्याआधी घाई असेल, तर सिलिकॉन. टांगलेली पापणी झोपेत पूर्ण मिटत नाही, ही या शस्त्रक्रियेची किंमत. म्हणून डोळे मिटताना बुबुळ वर सरकून पापणीआड जाते की नाही, हे आधीच तपासतात. नंतर दिवसा थेंब आणि रात्री जेल वापरून बुबुळ ओले ठेवावे लागते.

जन्मजात दोषात ही पद्धत बऱ्याचदा लागते, कारण त्या मुलांच्या लेव्हेटरमध्ये स्नायूच्या जागी तंतू आणि चरबी असते. असा स्नायू धड आकुंचनही पावत नाही आणि सैलही होत नाही. म्हणून मूल खाली पाहते, तेव्हा तीच पापणी दुसरीपेक्षा वर अडकलेली दिसते. 'मोठेपणी आपोआप उघडेल' हा घरातील वडीलधाऱ्यांचा दिलासा येथे घातक ठरतो. बाहुली झाकलेली असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे पाहणे शिकतच नाही आणि डोळा आळशी होतो, त्यामुळे पहिल्या वर्षातही शस्त्रक्रिया करावी लागते. बाहुली मोकळी असेल, तर नीट मोजमाप देण्याइतके मूल मोठे होईपर्यंत थांबता येते. मात्र त्या काळात चष्म्याचा नंबर आणि दृष्टी वारंवार तपासली पाहिजे. आळशी झालेला डोळा केवळ पापणी उचलल्याने पाहू लागत नाही. टाके निघाल्यानंतरही चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, हा उपचार कित्येक महिने चालू राहतो.