व्हिसा झाला, मागच्याचं काय?

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

परदेशी स्थायिक व्हायचं डोक्यात आलं की घरात पहिली चर्चा देशाची होते. कॅनडा की जर्मनी, ऑस्ट्रेलिया की दुबई. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ते नियम सारखे बदलतात आणि त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरच वाचायचे असतात. दोनच उदाहरणं देतो. कॅनडानं २५ मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर स्थायिक व्हायच्या त्यांच्या योजनेत, नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण काढून टाकले. तेव्हा 'गुण वाढवायला ऑफर मिळवून देतो' असं कुणी म्हणालं, तर चहा न घेता उठायचं. ऑस्ट्रेलियाच्या गुणांच्या व्हिसाला वयाचे गुण ३३ ते ३९ वर्षांपर्यंत २५ आहेत, चाळिशी लागली की १५, आणि ४५ ला दार बंद. 'मुलाची दहावी होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांनी आधी हे कोष्टक बघावं.

माझा अनुभव असा की व्हिसाचा पाठपुरावा माणसं नेटानं करतात. अडकतं ते इथलं: नाव, बँक, फ्लॅट, आईवडील. म्हणून आज त्याबद्दल.

सुरुवात नावापासून. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव या दुसऱ्या रकान्यात जातं. आता समजा, गुणपत्रिकेवर 'देशपांडे अनघा विजय', पासपोर्टवर 'अनघा समीर कुलकर्णी' आणि पॅनवर नुसतं 'अनघा कुलकर्णी'. आपल्याला ही एकच बाई आहे हे उघड दिसतं. टोरांटोतल्या पदवी तपासणाऱ्या कारकुनाला तीन दिसतात. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरचं नाव तसंच ठेवून जोडीदाराचं नाव त्याच्या रकान्यात घालून घेता येतं, आणि शिक्षणाची सगळी कागदपत्रं माहेरच्या नावावर असतील तर हाच मार्ग कमी त्रासाचा. नाव बदललंच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. लग्नाशी संबंध नसलेला बदल असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून घ्यायचं आणि त्याच्या प्रती जपून ठेवायच्या. क्रम चुकवू नका. आधी नावं जुळवायची, मग पासपोर्ट, मग अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारनं मारलेला शिक्का). आधीच अपॉस्टिल करून बसलात तर दुरुस्तीनंतर तोच खर्च पुन्हा.

जन्मदाखलाही बघून घ्या. पूर्वी बाळाचं नाव ठरायच्या आत नोंद व्हायची, त्यामुळे अनेकांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते. महापालिकेत जाऊन नाव घालून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून दुसरं काहीच चालत नाही.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आपल्याकडे वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून होतं. ते घाईनं काढून ठेवू नका. बहुतेक देश ते ताजं मागतात. दुबईला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: संयुक्त अरब अमिरात अपॉस्टिल करारात नाही. तिथल्यासाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. आखातात एजंटमार्फत जाणाऱ्यानं ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्या एजंटचा परवाना तपासावा. परवानाधारक एजंटला कायद्यानं घेता येणारी फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी, त्याच्यावर छदाम नाही.

आता पैसा. पगाराला विनिमय दरानं गुणू नका. जर्मनीत एकट्या माणसाचा वर्षाचा पगार ६० हजार युरो असेल तर कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून हातात साधारण ३७-३८ हजार येतात. घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, आणि भाड्याच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे पुष्कळदा चार भिंती आणि एक नळ. कपाटं, शेगडी, सिंक आपण आणायचं. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आणि मुलाला ७७६, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. नवरा, बायको, दोन मुलं, पाच वर्षं: १८,११० पाउंड, म्हणजे वीस लाखांच्या घरात, विमानात बसण्याआधी. हा कंपनी भरणार की तुम्ही, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारा.

इथल्या बँकेचं काय? नोकरीसाठी देश सोडला की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानं तुम्ही अनिवासी. मग साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही; ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं. परदेशातली कमाई इथे ठेवायला एनआरई. एनआरईचं व्याज करमुक्त आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र ३१.२ टक्के कर आधीच कापला जातो. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पण वाढवता येत नाही आणि नवीन उघडता येत नाही.

प्राप्तिकराचं गणित वेगळं. तिथे दिवस मोजतात: आर्थिक वर्षात १८२. नोकरीसाठी जाणारा माणूस २८ सप्टेंबरपर्यंत निघाला तर त्या वर्षी तो करासाठी अनिवासी ठरतो. ऑक्टोबरमध्ये गेला तर उरलेल्या सहा महिन्यांचा परदेशी पगारही इथल्या विवरणपत्रात येतो. कंपनी रुजू होण्याची तारीख विचारत असेल तर आधी हा हिशेब करा.

फ्लॅट. घोडबंदर रोडवर किंवा ऐरोलीत घर आहे, भाड्यानं देऊन जाऊ, असं सगळे म्हणतात. लिव्ह अँड लायसन्स नोंदवता, सोसायटीला कळवता, इथपर्यंत ठीक. पण घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूनं भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. निवासी मालकाच्या बाबतीत दरमहा ५० हजारांपर्यंत जी सूट मिळते, ती इथे नाही. बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं, आणि कळलं की ते दुसरं घर बघतात. करारातच लिहून टाका आणि कापलेला जास्तीचा कर परताव्यात मागा.

घर विकायचं मनात असेल तर मुखत्यारपत्र इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. परदेशातून पाठवलं तर तिथे नोटरी आणि अपॉस्टिल किंवा भारतीय दूतावासाचा शिक्का, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची अट चुकते आणि खरेदीदार नोंदणीच्या टेबलावर ताटकळतो. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या मुखत्यारपत्राचंही नीट समजून घ्या: देणारा गेला किंवा त्याचं भान हरपलं की ते संपतं, म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा. त्यावर भिस्त ठेवू नका. आईवडिलांच्या निवासी खात्यात अनिवासी मुलाला 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या अटीवर सहधारक करता येतं. ते करा. सोसायटीत नामनिर्देशन भरा, मृत्युपत्र वेगळं करा. त्यांची आणि तुमची इथली आरोग्य विमा पॉलिसी खंडित होऊ देऊ नका. नव्यानं घेतलीत तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा सुरू होते.

राहिलं सिमकार्ड. आधार, बँक, प्राप्तिकर, सगळ्यांचे ओटीपी याच नंबरवर येतात. कार्ड आईच्या जुन्या फोनमध्ये ठेवून गेलात, तर तुम्ही कॅनडातून दुपारी पैसे पाठवायला बसाल तेव्हा ती नौपाड्यात मध्यरात्री झोपलेली असेल, आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो. कार्ड स्वतःच्या फोनच्या दुसऱ्या खणात ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून एक ओटीपी मागवून बघा. प्रीपेड कार्ड ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि नंबर दुसऱ्याला जातो. थोडी शिल्लक ठेवा आणि रिचार्जच्या तारखेचा गजर लावा.