क्रियापद येईपर्यंत थांबा

अध्यक्षबाई, मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, पुढे या. पहिल्या दोन रांगा रिकाम्या ठेवायची आपली परंपरा जर्मनीतही शाबूत आहे, हे बघून बरं वाटलं.

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'आंतरराष्ट्रीय जर्मन ऑलिम्पियाड २०२४ आणि यजमान शहराची जबाबदारी'. एवढं भारदस्त नाव मी दिलेलं नाही. माहिती तुम्हाला आहेच. जर्मन शिकणाऱ्या मुलांची ही स्पर्धा ग्योथे-इन्स्टिट्यूट आणि जर्मन शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना मिळून दर दोन वर्षांनी भरवतात. २०१८ला फ्रायबुर्गला झाली, २०२२ला हाम्बुर्गला, आणि आता जुलैत आपल्या ग्योटिंगेनला. मुलं १४ ते १७ वर्षांची. पातळ्या ए-टू, बी-वन, बी-टू. म्हणजे 'माझं नाव अमुक' याच्या पुढे गेलेली, पण वीजबिलावरून फोनवर भांडण्याइतकी अजून न पोचलेली. आपल्या मंडळाने मदतीची यादी केली, तर 'स्वागत' या रकान्यात अकरा जणांनी साबुदाण्याची खिचडी लिहिली. खिचडी करूच. पण मला आज दुसरंच सांगायचंय, आणि त्यासाठी तुम्हाला आधी माझी पावाची गोष्ट ऐकावी लागेल. काहींनी ऐकलीये. त्यांनी पुन्हा ऐकावी.

मी इथे आले २००३ साली. पुण्यात चार वर्षं जर्मन शिकून, व्याकरणात पैकीच्या पैकी. पहिल्या सकाळी घराजवळच्या बेकरीत गेले. रस्त्यात वाक्य घोटत होते, 'इश हेटे गेर्न त्स्वाय ब्र्योटशन.' मला दोन पाव हवे होते. नुसतं 'द्या' नाही, चांगलं संकेतार्थी रूप, अदबशीर. (हाच पाव बर्लिनला 'श्रिपे' आणि बव्हेरियात 'झेमेल' होतो, हे पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) माझा नंबर आला. 'इश हेटे'पर्यंत गाडी नीट गेली. 'ब्र्योटशन'च्या त्या 'ब्र्यो'वर जीभ अडखळली. काउंटरमागच्या बाईंनी हसून, अगदी प्रेमाने, इंग्रजीत विचारलं, 'टू? एनिथिंग एल्स?'

चार वर्षं! फी भरलेली!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी 'ब्र्यो' आंघोळ करताना वीस वेळा म्हटला, तरी तेच. बाईंना वाटत होतं, त्या मला मदत करतायत. मला वाटत होतं, दार उघडायला किल्ली काढावी आणि आतल्याने खिडकीतून सामान बाहेर द्यावं. चौथ्या दिवशी माझी सटकली. मी सरळ मराठीत म्हटलं, 'मावशी, दोन पाव द्या, आणि तो खसखशीचा एक द्या.' बाई गोंधळल्या. पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, 'वी बिटे?', म्हणजे 'काय म्हणालात?'

जर्मन! मला उद्देशून! चार दिवसांत पहिल्यांदा! त्या आनंदात मी तीन पाव जास्त घेतले.

हसा. पण मुद्दा तोच आहे. जुलैत येणारी पोरं दोन-दोन, चार-चार वर्षं हे वाक्य घोटून येणार, आणि आपण, चांगल्या मनाने, त्यांच्या तोंडातून ते काढून घेणार.

आता गंमत बघा, कुठल्या शहरात! याकोब ग्रिम, जर्मन व्याकरणाचा हा एवढा मोठा माणूस, इथे प्राध्यापक होता. १८३७ला राजाने राज्यघटना गुंडाळली, सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला, सातही जणांना नारळ मिळाला. याकोबसह तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडायला सांगितलं. पुढे भावाबरोबर त्याने शब्दकोश हाती घेतला, आणि १८६३ला 'फ्रुख्ट', म्हणजे फळ, या शब्दापाशी माणूस गेला. कोश पुरा व्हायला १९६१ उजाडलं. ज्या गावाने जर्मनच्या पंडिताला तीन दिवस दिले, तिथे पोरांना जर्मनसाठी दोन आठवडे मिळतायत, ही प्रगतीच म्हणायची.

आणि संस्कृतचे जर्मन पंडित कीलहॉर्न? डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून, पतंजलीच्या महाभाष्याचं काम घेऊन ते इथल्या विद्यापीठात आले. याच विद्यापीठाने १८८५ला रा. गो. भांडारकरांना मानद डॉक्टरेट दिली. पुण्यात शास्त्र्यांजवळ बसून हा जर्मन माणूस शिकला, तेव्हा त्याचं वाक्य अडलं असेल की नाही? अडलं असणारच. शास्त्रीबुवांनी लगेच इंग्रजी सुरू केलं नसणार, असं मला आपलं वाटतं, आणि...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' अहो, मी आत्ता विषयाला हात घातला!

बरं, भराभर सांगते. जर्मन वाक्यात क्रियापद बऱ्याचदा शेवटी येतं. मराठीतही येतं, पण आपण ते कधी ऐकतो का? मुलगी सांगत असते, 'इश हाबे माइनन पास इम बुस...', म्हणजे 'मी माझा पासपोर्ट बसमध्ये...', की चार जण 'हरवला?' म्हणून ओरडतात, एक जण पोलिसांना फोन लावतो. ती सांगत असते 'गेफुंडन', सापडला! तेव्हा क्रियापद येईपर्यंत तोंड बंद. इंग्रजी तर नकोच.

लिंगाच्या चुका काढू नका. 'मेडशन' म्हणजे मुलगी, आणि जर्मनमध्ये ती नपुंसकलिंगी. हे त्यांना विचित्र वाटेल. आपल्याला वाटू नये, मालवणीत 'चेडू' तेच करतं. 'डेअर, डी, डास' ही नामाचं लिंग सांगणारी उपपदं मधेच दुरुस्त केलीत की पोरगी पुढचं वाक्य बोलत नाही. शिक्षक आहेत ना बरोबर, ते बघतील.

पोरांना 'झी', म्हणजे 'आपण', म्हणू नका, 'डू', म्हणजे 'तू', म्हणा. त्यांनी तुम्हाला काहीही म्हटलं तरी चालवून घ्या.

बाटलीचं मशीन मात्र दाखवा. ज्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर फांटची, म्हणजे अनामत रकमेची, खूण आहे, ती परत केली की २५ सेंट मिळतात. त्या मशीनपाशी उभं राहून मुलं जेवढं जर्मन बोलतात, तेवढं वर्गात बोलत नाहीत. बाटली उलटी घातली की मशीन ती परत ढकलतं, मग मागच्या रांगेतले आजोबा सल्ला देतात, आणि आजोबांना इंग्रजी येत नाही. सोनं!

रविवारी दुकानं बंद असतात, हे शनिवारी सांगा, रविवारी नव्हे. गेन्झेलीझल, म्हणजे हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा, तिच्या कारंज्यावर चढून तिचा मुका घेण्याचा मान नव्या डॉक्टरेटवाल्यांचा, तेव्हा पोरांना फोटो खालूनच काढू द्या. ते कारंजं १९०१ पासून तिथे उभं...

दुसरी चिठ्ठी. बसते. नावांची यादी दारापाशी आहे. खिचडीवाल्या अकरा जणांनी आधी एकमेकांना फोन करावा.