बीजांडाला चिकटण्याआधी शुक्राणू कोलेस्टेरॉल का टाकतो?

नमस्कार मंडळी! शुक्राणूंची शर्यत आणि पहिला पोचला तो जिंकला, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. ते जरा बाजूला ठेवा. कारण नुकताच बाहेर पडलेला शुक्राणू उचलून थेट बीजांडाशेजारी सोडला, तरी त्याच्याच्याने काही होत नाही. तो वळवळतो, पोहतो, पण फलन होत नाही.

१९५१ साली हे दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं. अमेरिकेत एम. सी. चांग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन. चांग यांचं काम सशांवर होतं. मादीच्या शरीरात काही तास काढलेले शुक्राणू कामाचे, ताजे बिनकामाचे. त्या काही तासांत जे घडतं त्याला ऑस्टिन यांनी पुढच्याच वर्षी नाव दिलं, कपॅसिटेशन. मराठीत सक्षमीकरण म्हणा हवं तर. मी कपॅसिटेशनच म्हणणार आहे, डॉक्टरही तेच म्हणतात.

आता हे सक्षम होणं म्हणजे नक्की काय? इथे एक अडचण लक्षात घ्या. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्यावरून नवीन प्रोटीन बनवण्याचं काम जवळपास ठप्प असतं. बाकीच्या पेशींसारखी नवीन हत्यारं घडवण्याची सोय नाही. जे आहे त्याचीच मांडणी बदलायची. आणि ही मांडणी बदलते पेशीपटलात, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ अशा चरबीच्या दुहेरी थरात.

(स्क्रीनवर: पेशीपटलाचं रेखाचित्र, पिवळे ठिपके म्हणजे कोलेस्टेरॉल)

या थरात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं. गच्च भरलेल्या विरार लोकलसारखी अवस्था, कोणाला हलायला जागा नाही. वीर्यातले काही घटक ही अवस्था टिकवून ठेवतात, म्हणजे शुक्राणू वेळेआधीच उतावीळ होत नाही. मग तो मादीच्या शरीरात शिरतो आणि तिथे भेटतं अल्ब्युमिन. तेच, आपल्या रक्तातलं प्रोटीन. अल्ब्युमिन पटलातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. गर्दी कमी झाली की उरलेले मेद आणि त्यात रुतलेली प्रोटीनं सरकू लागतात. जोडीला बायकार्बोनेट आत शिरून आतली रासायनिक साखळी चालू करतं, कॅल्शियम आत येऊ लागतं, शेपटीचे फटके जोरकस होतात.

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत शुक्राणू धुऊन ज्या द्रावणात ठेवतात, त्यात अल्ब्युमिन असतं ते याचसाठी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून. त्यासाठीही शुक्राणूंना शरीराबाहेर हा टप्पा पार करावाच लागला होता.

आणि हो, कमेंटमध्ये विचारण्याआधीच सांगतो. रेणू तोच असला, तरी तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमधला कोलेस्टेरॉलचा आकडा ही गोष्ट वेगळी आणि शुक्राणूच्या पटलातली ही गोष्ट वेगळी. हा व्हिडिओ बघून कोणी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू किंवा बंद करू नका.

आता प्रत्यक्ष चिकटण्याकडे येऊ. बीजांडाभोवती साखरयुक्त प्रोटीनांचं एक जाड कवच असतं, झोना पेल्युसिडा. शुक्राणूच्या डोक्यावर सेमिनोलिपिड नावाचा एक खास मेद असतो. एका टोकाला साखर, त्या साखरेवर सल्फेट. शरीरात इतरत्र तो फारसा सापडत नाही. कॅनडातल्या ओटावा इथे नॉन्गनुज तानफायचित्र यांच्या गटाने दाखवलं की हा मेद झोनाला चिकटण्यात भाग घेतो. उंदरांमध्ये हा मेद बनवणारी यंत्रणाच काढून टाकली तर गोष्ट चिकटण्यापर्यंत जातच नाही, शुक्राणू तयार होणंच मध्ये थांबतं. म्हणजे एकच रेणू कारखान्यातही लागतो आणि मुक्कामावरही.

कवच ओलांडलं की समोर बीजांडाचं स्वतःचं पटल. इथली प्रोटीनांची जोडी प्रसिद्ध आहे. शुक्राणूकडची इझुमो, २००५ मध्ये जपानमध्ये सापडली. बीजांडाकडची जुनो, २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये. बातम्या या जोडीच्याच झाल्या. पण मला जास्त भन्नाट वाटतो तो एक मेद. फॉस्फॅटिडिलसेरीन, आपण पीएस म्हणू.

पीएस एरवी पटलाच्या आतल्या बाजूला असतो. पेशी मरायला लागली की तो बाहेर येतो आणि सफाई करणाऱ्या पेशींना खूण मिळते, ही मेली, गिळून टाका. त्यामुळे बाहेर पीएस दिसणारा शुक्राणू म्हणजे मरणपंथाला लागलेला, असंच धरलं जायचं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की जिवंत, पोहणाऱ्या शुक्राणूंच्या डोक्यावरही पीएस बाहेर असतो. बीजांडावर तो ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर प्रोटीनं, आहेत, त्यातले काही तेच, जे सफाईवाल्या पेशी वापरतात. पीएस झाकून टाकला की फलन घटलं. कहर म्हणजे हे शुक्राणू स्नायूंच्या कोवळ्या पेशींमध्येसुद्धा विलीन झाले, म्हणजे पेशी जोडण्याचा हा मार्ग बीजांडापुरता नाही. इझुमो-जुनो यातून बाद होत नाहीत, ते लागतातच. पण प्रोटीनं सगळं करतात आणि चरबी नुसती गादी, हे आता म्हणता येत नाही.

आणि इथे एक गंमतशीर पेच आहे. काही वंध्यत्व केंद्रांत चुंबकीय कण जोडलेलं ॲनेक्सिन व्ही नावाचं प्रोटीन वापरून शुक्राणूंची निवड केली जाते. ॲनेक्सिन पीएसला चिकटतं, मग चुंबकाच्या साहाय्याने पीएसवाले शुक्राणू वेगळे काढून टाकतात, मरणारे म्हणून. त्यातले बरेच खरोखरच खराब असू शकतात, तर्क अगदीच चुकीचा नाही. पण उंदरांमधला निकाल माणसालाही लागू पडत असेल, तर या चाळणीत काही चांगले गडीही बाहेर फेकले जातील. मेलेल्याचा पीएस आणि तयार असलेल्याचा पीएस यात फरक करायचा, तर पीएससोबत तो शुक्राणू हलतोय का, त्याचं पटल शाबूत आहे का, हेही बघावं लागेल. नुसत्या चुंबकाला ते दिसत नाही.